व्यापाराला आले होते, मग किल्ले कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेत शिकलो की १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, खुष्कीचा मार्ग बंद झाला, म्हणून युरोपीय लोक समुद्रमार्गानं निघाले आणि त्यातून वसाहती उभ्या राहिल्या. पण माल घ्यायला आलेल्यांनी किल्ले का बांधले? पोर्तुगीज आधीच येऊन बसले होते, तर डच, इंग्रज आणि फ्रेंच त्याच किनाऱ्यांवर येऊन एकमेकांशीच का लढले? आणि डच इतके बलाढ्य होते, तर भारत त्यांच्या हाती का गेला नाही?

मी बरीच वर्षं महाविद्यालयात आधुनिक जगाचा इतिहास शिकवतो, आणि हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. अडचण अशी होते की ‘ते घरून का निघाले’ आणि ‘तिथं जाऊन बळकावून का बसले’ हे दोन प्रश्न आपण एकच समजतो. पाठ्यपुस्तकातलं उत्तर फार तर पहिल्याला लागू पडतं, आणि त्यालाही अर्धवटच. तुमचा खरा रोख दुसऱ्यावर आहे. त्याचं माझं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर: माल मिळवायला किल्ल्याची गरज क्वचितच होती, दुसऱ्या युरोपीय माणसाला तो माल मिळू नये, यासाठी किल्ला लागत होता. एकदा किल्ला बांधला की त्याचा खर्च कुणी सोसायचा हा प्रश्न उभा राहतो, आणि तिथून व्यापाऱ्याचा जमीनदार होतो, पुढे राज्यकर्ता होतो.

अर्थात हे सगळीकडे सारखं घडलं नाही. तिथला माल कोणता, हवामान कसं, स्थानिक सत्ता किती मजबूत आणि युरोपात त्या वर्षी युद्ध होतं की तह, यावर फार काही अवलंबून होतं. म्हणून मी मुख्यतः हिंदी महासागरातल्या मसाल्याच्या व्यापाराबद्दल बोलतो. स्पेनची अमेरिका किंवा एकोणिसाव्या शतकातली आफ्रिकेची वाटणी यांना हेच उत्तर जसंच्या तसं लावू नका.

आधी १४५३ चं बघू. पोर्तुगालनं मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउटा १४१५ मध्ये घेतलं. मदैरा बेटावर त्यांची वस्ती १४२० च्या दशकात सुरू झाली. कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या कितीतरी आधी ही मंडळी आफ्रिकेच्या किनाऱ्यानं खाली सरकत होती, आणि त्यांना हवं होतं ते पश्चिम आफ्रिकेतलं सोनं, गुलाम, आणि मुसलमान सत्तांना पाठीमागून गाठण्याची संधी. मसाले तर १४५३ नंतरही इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातून व्हेनिसला जातच होते. मार्ग बंद नव्हता. तो दुसऱ्यांच्या हातात होता. मामलुक सुलतान जकात घेत, व्हेनिसचे व्यापारी नफा घेत, आणि पश्चिम टोकाच्या पोर्तुगालच्या वाट्याला त्यातलं काही येत नसे. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला तो ही साखळी टाळण्यासाठी.

पण कालिकतला पोचल्यावर पंचाईत झाली. त्यांच्याकडे विकायला धड काही नव्हतं. आपल्या बाजारांना युरोपचं कापड नको होतं, चांदी चालत होती. बंदरात अरब आणि गुजराती व्यापारी पिढ्यान् पिढ्या बसलेले होते आणि मिरीचे भाव त्यांना बरोबर ठाऊक होते. सरळ व्यापारात पोर्तुगीज त्यांच्यापुढे टिकले नसते. मात्र त्यांच्या जहाजांवर तोफा होत्या, आणि या समुद्रावर तोवर कुणी मालकी सांगितली नव्हती. म्हणून त्यांनी मोक्याची ठाणी घेतली: गोवा १५१० मध्ये, मलाक्का १५११ मध्ये, होर्मुझ १५१५ मध्ये. मग प्रत्येक व्यापारी जहाजाला ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला. त्यात जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, आकार, शस्त्रं, माल, कुठून कुठं जायचं हे सारं लिहिलेलं असे, आणि वाटेत पोर्तुगीज बंदराला लागून जकात भरावी लागे. कार्ताझ नसेल तर जहाज जप्त. आदिलशाहीच्या आणि पुढे मोगलांच्या जहाजांनाही तो घ्यावा लागला. ही कमाई मिरी विकून येणारी नव्हती. इतरांना मिरी नेऊ देण्याबद्दलची ती वसुली होती. मी वर्गात हा परवाना तपशीलवार शिकवतो, कारण पुढच्या तीनशे वर्षांचं बीज त्यात आहे.

आता डच. इथं युरोपातलं राजकारण लक्षात घेतल्याशिवाय काहीच उलगडत नाही. १५६८ पासून डच प्रांत स्पेनच्या राजाविरुद्ध बंड करून लढत होते. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी त्याच स्पेनच्या राजाकडे गेली. तोवर डच जहाजं लिस्बनला जाऊन मसाले उचलत आणि उत्तर युरोपभर विकत. आता त्यांच्यावर बंदी आणि जप्ती येऊ लागली. म्हणजे डचांना मसाल्याच्या मुळाशी जायचं होतं ते धंदा वाचवण्यासाठी, आणि शत्रूची तिजोरी जिथून भरते तिथं घाव घालण्यासाठीही. वाट दाखवणारा माणूसही गोव्यातूनच मिळाला. यान ह्युगेन व्हान लिन्सखोटन हा डच तरुण १५८३ पासून काही वर्षं गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस होता. पोर्तुगीजांनी जपलेली सागरी माहिती त्यानं टिपून नेली आणि १५९६ मध्ये ती पुस्तकरूपानं छापली गेली. १५९५ मध्ये पहिली चार डच जहाजं जावाकडे निघाली, त्यातली तीन परतली. निम्म्याहून कितीतरी जास्त माणसं मेली, तरी त्यानंतर डच शहराशहरांतून कंपन्या निघाल्या.

आणि या कंपन्यांनी एकमेकांचंच दिवाळं काढायला घेतलं. जावातल्या बांतामच्या बाजारात पाच-सहा डच खरेदीदार एकाच मिरीवर बोली चढवायचे, आणि ॲमस्टरडॅमला तीच मिरी एकदम ओतून भाव पाडायचे. शेवटी सरकारनं मध्ये पडून त्यांना १६०२ मध्ये एकत्र आणलं. ती डच ईस्ट इंडिया कंपनी. भांडवल सुमारे ६४ लाख गिल्डर (डच नाणं). इंग्रजांची कंपनी ३१ डिसेंबर १६०० च्या सनदेनं सव्वा वर्ष आधीच निघाली होती, पण तिचं सुरुवातीचं भांडवल सुमारे ६८ हजार पौंड होतं, म्हणजे डचांनी जमवलेलं याच्या आठ-दहा पट. इंग्रज प्रत्येक सफरीसाठी वेगळे पैसे गोळा करत आणि सफर संपली की वाटून घेत. डचांचा पैसा कंपनीतच अडकून राही. भागधारकाला नको असेल तर त्यानं आपला हिस्सा बाजारात दुसऱ्याला विकावा. ही गोष्ट नीरस वाटते, पण किल्ला बांधायला वर्षानुवर्षं टिकणारा पैसा लागतो आणि तो डचांकडे होता. शिवाय सनदेत युद्ध करण्याचा, तह करण्याचा आणि किल्ले बांधण्याचा अधिकार लिहून दिला होता. राजसत्तेचे अधिकार, पण खर्च भागधारकांचा. ‘वसाहती कशा झाल्या’ याच्या उत्तरातला मोठा हिस्सा या सनदेत आहे.

बांदा बेटांची हकिगत मात्र मला सविस्तर सांगायलाच हवी, कारण तिच्यात सगळे टप्पे एकामागून एक दिसतात. आजच्या इंडोनेशियातली ही मूठभर चिमुकली बेटं. जायफळ आणि जायपत्री त्या काळी जगात फक्त तिथं पिकायची. बांदाच्या लोकांवर राजा नव्हता, गावोगावचे प्रतिष्ठित पुढारी कारभार पाहत. धान्य फारसं पिकत नसल्यामुळे जावा, मलाक्का वगैरे ठिकाणांहून येणारा तांदूळ आणि हिंदुस्थानी कापड घ्यायचं, बदल्यात जायफळ द्यायचं, असा त्यांचा जुना रिवाज. डचांनी काही पुढाऱ्यांकडून करार लिहून घेतले: जायफळ फक्त आम्हालाच विकायचं. पण डच भाव कमी देत, आणि त्या उष्ण बेटांवर त्यांचं जाड लोकरी कापड घेऊन करायचं काय? लोक आधीसारखेच जावाच्या व्यापाऱ्यांना विकत राहिले, इंग्रजांनाही विकू लागले. डचांच्या लेखी हा करारभंग होता. १६०९ मध्ये डच आरमारप्रमुख फेरहूफ बोलणी करायला गेला असताना बांदाच्या लोकांनी त्याला गाठून मारलं. डचांनी नेरा बेटावर किल्ला बांधला.

किल्ल्याचा हिशेब इथून सुरू होतो. तटबंदी, तोफा, शिबंदी, त्यांचं अन्नपाणी, सगळं हजारो मैलांवरून आणायचं. हा खर्च जायफळाच्या किमतीतून काढायचा. आणि शेजारच्या रुन बेटावर इंग्रज, ज्यांच्यावर या खर्चाचा भारच नव्हता, ते बांदाच्या लोकांना जास्त भाव देऊ शकत होते. डचांनी लंडनला जाऊन तक्रारही केली की पोर्तुगीजांशी आम्ही लढायचं आणि फळं तुम्ही खायची, हे कसं चालेल? १६१३ च्या त्या बोलण्यांत डचांकडून गेला होता ह्यूगो ग्रोशियस. यानंच चार वर्षांपूर्वी, डचांनी एक पोर्तुगीज जहाज पकडलं त्याचं समर्थन करताना, समुद्र सर्वांना खुला असतो असं ठासून मांडलं होतं. इंग्रजांनी त्याचंच प्रतिपादन त्याच्यापुढे ठेवलं. खुला समुद्र हे तत्त्व मागून येणाऱ्याला प्यारं असतं. आधी बसलेल्याला मक्ता हवा असतो. डच आठ-दहा वर्षांत एका बाजूचे दुसऱ्या बाजूला आले होते.

यान पीटरझोन कून या डच अधिकाऱ्यानं १६१४ मध्ये संचालकांना लिहिलं की युद्धाशिवाय व्यापार नाही आणि व्यापाराशिवाय युद्ध चालत नाही. १६१९ मध्ये त्यानं जकार्ता घेऊन तिथं बटाव्हिया वसवलं. १६२१ मध्ये तो मोठं आरमार घेऊन बांदावर गेला. चाळीसहून अधिक पुढाऱ्यांची शिरं उडवण्यात आली, गावं जाळली, लोकांना गुलाम करून बटाव्हियाला नेलं, डोंगरात पळालेले उपासमारीनं मेले. सुमारे १५,००० वस्तीपैकी जेमतेम हजारभर लोक बेटांवर उरले असा अंदाज आहे. मग रिकाम्या झालेल्या जमिनीचे ६८ भाग पाडून ते कंपनीच्या जुन्या नोकरांना बागायतीसाठी दिले, कामाला गुलाम आणले, आणि जायफळ ठरलेल्या भावानं फक्त कंपनीला द्यायचं अशी अट घातली. करार, किल्ला, मक्ता, कत्तल, बागायत. वीस वर्षांच्या आत एका बाजारपेठेची वसाहत झाली. विद्यार्थ्यांना मी बजावून सांगतो की यातलं काहीही आपोआप घडलेलं नाही. प्रत्येक पायरीवर कुणीतरी बसून निर्णय घेतला, आणि इंग्रज शेजारी नसते तर कदाचित इतकी घाई झाली नसती. ज्यांची बेटं होती त्यांना या स्पर्धेत मत नव्हतं.

जाता जाता एक दुरुस्ती. ‘डचांनी रुन बेटाच्या बदल्यात न्यूयॉर्क दिलं’ असं आंतरजालावर फिरतं. १६६७ च्या इंग्रज-डच ब्रेडा तहात ‘ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याचं’ असं ठरलं. रुन डचांच्या ताब्यात होतं, न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे आजचं न्यूयॉर्क, १६६४ मध्ये इंग्रजांनी घेतलं होतं. ठरवून केलेली अदलाबदल असं ते नव्हतं.

आपल्या किनाऱ्यावर हीच चढाओढ पाहायची तर वेंगुर्ल्याला जा. डच वखारीच्या छप्पर गेलेल्या जाड भिंती तिथं उभ्या आहेत. १६३७ मध्ये आदिलशाहीच्या परवानगीनं डच इथं आले. वेंगुर्ल्यात मसाले पिकतात म्हणून ते आले का? गोवा जवळ आहे म्हणून आले. १६३६ ते १६४४ पर्यंत डच आरमार पावसाळा सरला की गोव्याच्या बंदराबाहेर येऊन नांगर टाकायचं आणि पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत हलायचं नाही. लिस्बनला जाणारी जहाजं निघण्याचा हंगाम नेमका तोच. त्या आरमाराला तांदूळ, पाणी, जळण आणि बातम्या पुरवायला वेंगुर्ल्यासारखं ठाणं हवं होतं. गोवा त्यांनी घेतला नाही, पण गोवा जखडून ठेवून १६४१ मध्ये मलाक्का घेतलं, मग सिलोनचा (श्रीलंकेचा) किनारा, आणि १६६३ मध्ये कोची. मी विद्यार्थ्यांना वेंगुर्ल्याला नेतो तेव्हा भिंतींची जाडी बघायला सांगतो, आणि मग विचारतो की माल साठवायला एवढी भिंत लागते का?

मुंबईची गोष्टही याच धाग्यात येते. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालनं मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, हे सगळ्यांना माहीत असतं. ती दिली कशासाठी, तर डचांविरुद्ध इंग्रजांची मदत मिळावी म्हणून. १६६८ मध्ये राजानं ती वर्षाला १० पौंड भाड्यानं कंपनीला देऊन टाकली.

आपल्या लोकांना हे कळत नव्हतं असं समजू नका. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच, टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीयांबद्दल, स्पष्ट बजावलं आहे: हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्यामागे यांचे राजे आहेत, यांचं बळ आरमार आणि दारूगोळ्यात आहे, आणि एकदा मिळालेली जागा ते सोडत नाहीत. म्हणून वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रकिनारी देऊ नये. आत, सखल आणि शहराच्या दाबाखाली राहील अशी द्यावी, पक्की बांधकामं करू देऊ नयेत. तुमच्या प्रश्नाचं याहून नेमकं समकालीन उत्तर माझ्या पाहण्यात नाही.

जिथं हे निगुतीनं पाळलं गेलं किंवा स्थानिक सत्ताच जबरदस्त होती, तिथं हेच टोपीकर मुकाट्यानं व्यापार करत. जपाननं १६४१ पासून डचांना नागासाकीच्या देजिमा या कृत्रिम बेटावर कोंडून ठेवलं आणि ते दोनशे वर्षं तसेच राहिले. इंग्रज कंपनीनं १६८६ मध्ये मोगलांशी लढून पाहिलं. मोगलांचा आरमारप्रमुख सिद्दी याकूत खानानं मुंबईला वेढा घातला आणि १६९० मध्ये दीड लाख रुपये दंड भरून माफी मागावी लागली. म्हणजे बांदावर झालं ते सुरतेत का झालं नाही, याचं कारण टोपीकरांचा स्वभाव नाही, समोरच्याची ताकद आहे.

कॅरिबियन बेटांचं एवढंच सांगतो की तिथं व्यापारी ठाण्याचा टप्पाच जवळजवळ आला नाही. इंग्रजांनी १६२७ मध्ये बार्बाडोस, फ्रेंचांनी १६३५ मध्ये मार्टिनिक आणि ग्वादलूप घेऊन पुढे थेट उसाचे मळे लावले. अटलांटिक ओलांडून नेण्यासाठी जहाजांवर चढवलेल्या आफ्रिकी गुलामांची एकूण संख्या सुमारे सव्वा कोटी भरते. १७६३ च्या तहात फ्रान्सनं कॅनडा सोडला पण ही साखरेची बेटं परत घेतली, यावरून त्यांचं मोल समजेल.

आतापर्यंतचं गोळा करू: युरोपातलं वैर समुद्रापार जातं, वैऱ्याला वगळण्यासाठी किल्ला होतो, किल्ल्याच्या खर्चासाठी मक्ता किंवा जमीन लागते. भारतात शेवटची पायरी उशिरा आली, आणि तीही इंग्रज-फ्रेंच वैरातून. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतलं. दोन वर्षांनी तह झाला तेव्हा मद्रास इंग्रजांना परत मिळालं, आणि फ्रान्सला मिळालं कॅनडातलं लुईबुर. कोरोमंडलचं शहर आणि कॅनडाचा किल्ला एकाच ताजव्यात! पण दरम्यान अड्यार नदीवर काहीशे फ्रेंच आणि त्यांच्या कवायती शिपायांनी कर्नाटकच्या नवाबाची मोठी फौज उधळली होती. पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले यानं त्यातून धडा घेतला की ही फौज भाड्यानं देता येईल. हैदराबादला फ्रेंच सेनापती बुसीच्या फौजेच्या पगारासाठी निजामानं १७५३ मध्ये ‘उत्तर सरकार’ म्हणून ओळखले जाणारे आंध्र किनाऱ्याचे जिल्हे तोडून दिले. फौजेचा खर्च मुलखाच्या महसुलातून, ही युक्ती फ्रेंचांची. ती बंगालमध्ये पुरती वठवली इंग्रजांनी, १७६५ च्या दिवाणीनं, म्हणजे महसूल गोळा करण्याच्या हक्कानं. त्यानंतर चांदी आणायची गरजही बरीच कमी झाली. बंगालच्या रयतेनं भरलेल्या साऱ्यातूनच बंगालचा माल विकत घेतला जाऊ लागला.

राहिला डचांचा प्रश्न. त्यांचा जीव जावा आणि मसाल्याच्या बेटांत होता. भारत त्यांना हवा होता तो तिथं खपणाऱ्या कापडासाठी आणि मलबारच्या मिरीसाठी. मलबारात त्यांनी जोर करून पाहिला, पण १७४१ मध्ये कोलाचेलला त्रावणकोरच्या मार्तंड वर्मानं त्यांचा पराभव केला. बंगालमध्ये १७५९ साली चिनसुऱ्याजवळ इंग्रजांनी त्यांना हरवलं. १७८० ते १७८४ च्या इंग्रज युद्धानं कंपनीचं कंबरडं मोडलं आणि १७९९ च्या अखेरीस ती बरखास्त झाली. त्याआधीच, १७९५ मध्ये फ्रेंच फौजा हॉलंडमध्ये शिरल्या, तेव्हा ही ठाणी फ्रान्सच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचं केप, कोची, मलाक्का आणि पाठोपाठ सिलोन घेतलं. नेपोलियनच्या पाडावानंतर जावा डचांना परत मिळालं, पण भारताच्या वाटेवरचे केप आणि सिलोन इंग्रजांनी सोडले नाहीत. १८२४ च्या तहात डचांनी भारतातली उरलीसुरली ठाणी आणि मलाक्का देऊन टाकलं, आणि बदल्यात सुमात्रावरचं इंग्रजांचं बेंकुलन घेतलं.